अण्णांचं तिकीट

मॉरिशसला जाऊन आलो म्हटलं की आपल्या मंडळातले लोक आधी विचारतात, "कुठल्या रिसॉर्टला उतरलात?" आणि मग, "पॅकेज कितीला पडलं?" या दोन्हींची उत्तरं मी फोनवर देईन. संपादकांनी प्रवासवर्णन मागितलं तेव्हा खरं तर नाहीच म्हणणार होते. आठवडाभरातले सहा दिवस आम्ही तेच केलं जे सगळे करतात. पोहलो, शमारेलची सात रंगांची माती पाहिली, गंगा तलावापाशी हात जोडले, भरपूर फोटो काढले. सातव्या दिवसाबद्दल मात्र सांगण्यासारखं आहे. तो दिवस अण्णांचा होता.

अण्णा म्हणजे माझे वडील. वय एकोणऐंशी. रत्नागिरी जिल्ह्यात पोस्टात चौतीस वर्षं नोकरी, त्यातली शेवटची काही वर्षं सब-पोस्टमास्तर. दोन वर्षांपूर्वी आई गेली आणि मी त्यांना दुबईला आमच्याकडे घेऊन आले. "उन्हाळा सरेपर्यंत या," असं म्हणून आणलं आणि मग व्हिसा काढून ठेवूनच घेतलं. त्यांनी कधी तक्रार केली नाही. सकाळी बिल्डिंगखाली चालायला जायचं, दुपारी तिकिटांचे आल्बम काढून बसायचं, संध्याकाळी इराची, म्हणजे माझ्या लेकीची, शाळेची बस येईपर्यंत गॅलरीत उभं राहायचं. बोलणं हळूहळू कमी झालं होतं. मला ते दिसत होतं आणि मी ते न दिसल्यासारखं करत होते.

देवरुखजवळचं घर बंद होतं. पुण्याच्या माझ्या भावाने गिऱ्हाईक शोधलं होतं. अण्णांच्या सहीचं मुखत्यारपत्र हवं होतं आणि ते साक्षांकित करायला वकिलातीची वेळ आम्ही सुट्टीवरून परतल्यानंतरच्या आठवड्यातली घेतली होती. अण्णांना सांगितलं तेव्हा ते "बरं" म्हणाले. इतकंच.

मॉरिशसचं ठरलं तेव्हा त्यांनी एकच मागणी केली. पोर्ट लुईला ते तिकीट आहे, ते बघायचं. कुठलं तिकीट, हे विचारण्याइतकंही आम्हांला त्यातलं कळत नव्हतं.

सातव्या दिवशी आमचे हे "डोकं दुखतंय" म्हणून हॉटेलच्या पोहण्याच्या तलावाशी राहिले. मी, अण्णा आणि इरा अशा तिघी-तिघांची टॅक्सी ठरवली. जुलै होता, म्हणजे तिकडचा हिवाळा. आपल्याकडे त्याच वेळी पंचेचाळीस अंश चाललेलं, आणि इथे अण्णांनी स्वेटर घातलेला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच तोडणी झालेली शेतं, काळ्या दगडांचे ढीग. अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "हे दगड कुणी वेचले असतील गं?"

पुढून ड्रायव्हरने आरशातून पाहिलं. "मराठी?" त्याने विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"मी पण मराठी," तो म्हणाला. "थोडा थोडा बोलतो. शाळेत शिकला."

आम्ही तिघंही पुढे झुकलो. पन्नाशीचा, सावळा, आपल्या राजापूर-लांज्याकडच्या कुठल्याही एसटी स्टँडवर शोभला असता असा माणूस. त्याच्या गाडीत गणपती होता, पण तो तर आता सगळ्यांच्याच गाडीत असतो. आडनाव त्याने सांगितलं ते फ्रेंच वळणाचं वाटलं. नंतर कळलं, ते त्याच्या खापरपणजोबांचं नाव होतं. तिकडे पहिल्या माणसाचं नाव पुढच्यांचं आडनाव झालं, आणि ते कारकुनाला ऐकू आलं तसं लिहिलं गेलं. पुढचं बोलणं इंग्रजी, हिंदी आणि त्याच्या शाळेतल्या मराठीच्या मिश्रणात झालं. इराला तो क्रिओलमध्ये "की मान्येर?" म्हणजे कशी आहेस, असं विचारायला शिकवत होता. रविवारच्या मराठी शाळेला गेली दोन वर्षं दांडी मारणारी माझी लेक ते लगेच शिकली, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

पोर्ट लुईच्या कोदां धक्क्यावर ब्लू पेनी म्युझियम आहे. तिथे 1847 सालची दोन तिकिटं आहेत, एक पेनीचं नारिंगी-लाल आणि दोन पेन्सचं निळं. प्रकाशाने रंग उडू नये म्हणून अस्सल तिकिटांवर तासातून थोडाच वेळ दिवा लावतात, एरवी प्रतिकृती बघायची. अण्णांनी ही माहिती आधीच काढून ठेवली होती. ते घड्याळ हातात घेऊन त्या अंधाऱ्या खोलीबाहेर उभे राहिले, पूर्वी टपालाची थैली सुटायच्या वेळी राहायचे तसे.

दिवा लागला. काचेमागे नखाएवढे दोन कागद. व्हिक्टोरिया राणीचा चेहरा, तोही जरा ओबडधोबड.

"एवढंच?" इरा म्हणाली.

अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी हसले. मग त्यांनी जे सुरू केलं ते दिवा विझेपर्यंत थांबलं नाही. ब्रिटनने पहिलं तिकीट 1840 साली काढलं. आपल्याकडे सिंध डाक 1852ची. म्हणजे या चिमुकल्या बेटाने आपल्या पाच वर्षं आधी तिकीट छापलं. जोसेफ बर्नार्ड नावाच्या गावातल्याच एका माणसाने तांब्याच्या पत्र्यावर कोरलं, एकेक करून प्रत्येकी पाचशे छापली. त्यातली काही गव्हर्नरच्या बायकोने नाचाच्या मेजवानीच्या आमंत्रणांना वापरली. तिकिटावर बाजूला 'पोस्ट ऑफिस' असं कोरलेलं आहे, पुढच्या वर्षीच्या तिकिटांवर तिथे 'पोस्ट पेड' आलं. मग लोकांनी गोष्ट रचली, की कोरणारा विसरला, वाटेत पोस्टाची पाटी दिसली आणि तेच शब्द कोरून मोकळा झाला.

"खरं नाही ते," अण्णा म्हणाले. "पोस्टाच्या माणसाची चूक झाली की लोकांना फार आवडते."

आज जगात या दोन्ही मिळून तीस तिकिटंही उरलेली नाहीत. इथली जोडी 1993 साली मॉरिशसच्या बँका आणि कंपन्यांनी एकत्र येऊन लिलावात विकत घेतली, सुमारे वीस लाख डॉलर देऊन. "देशाचं तिकीट देशात परत आणलं," असं अण्णा दोनदा म्हणाले. अशी दोन लाल तिकिटं लावलेलं एक पाकीट इथून मुंबईला गेलं होतं आणि पुढे हिंदुस्थानातल्याच एका बाजारात सापडलं. ते पाकीट या म्युझियममध्ये नाही. तरीही अण्णांनी इराला त्याची हकिकत सांगितली, आणि "त्यावर शिक्का मारणाऱ्याने तो जरा बाजूला मारायला हवा होता," अशी टीकाही केली.

मग दिवा विझला. अण्णा पुढच्या दिव्यासाठी थांबले. आम्हीही थांबलो.

नंतर मोठ्या बाजारात गेलो. भाजीचे ढीग आपल्यासारखे आणि नावं भलतीच. भेंडी म्हणजे लालो, वांगं म्हणजे ब्रेंझेल, कोथिंबीर म्हणजे कोतोमिली. एका गाडीवर दोल पुरी खाल्ली. चणाडाळीसारखी डाळ शिजवून, वाटून पोळीत भरतात. पुरणपोळीतला गूळ काढून टाकला तर जे उरेल ते. वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि तिखटजाळ मिरचीची चटणी. कायम जोडीनेच देतात, एक मागितलीत तर विक्रेता तुमच्याकडे दयेने बघतो. अण्णांनी दोन जोड्या खाल्ल्या. घरी अर्ध्या पोळीवर हात धुणारा माणूस.

जवळच निसर्ग-इतिहासाचं संग्रहालय आहे, तिथे डोडोचा सांगाडा आहे. इराला तेवढ्यासाठी यायचं होतं. तो एका केशकर्तनकाराने शोधला, आणि एकाच पक्ष्याच्या हाडांचा असा तो जगातला एकमेव, हे तिनेच मला सांगितलं. डच लोक 1598मध्ये इथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत डोडो संपला. माणसांनी खाऊन संपवला त्याहून जास्त त्यांच्याबरोबर जहाजांतून आलेल्या उंदीर-डुकरांनी संपवला. हा एक प्रकारचा कबुतरच होता, हे वाचून मला आमच्या गॅलरीतली कबुतरं आठवली. ती काही संपत नाहीत.

दुपारी आप्रवासी घाट. खरं सांगायचं तर तो माझ्या यादीत "वेळ उरला तर" या सदरात होता. ड्रायव्हरच म्हणाला, "तोंतोंना दाखवा." तोंतों म्हणजे काका.

जागा लहान आहे. 2006 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे म्हणून काही भव्य असेल असं समजून जाऊ नका. काळ्या दगडाच्या काही भिंती, दवाखान्याची इमारत, स्वयंपाकाची जागा, शौचकूप, आणि समुद्राकडून वर येणाऱ्या थोड्या पायऱ्या. शेजारून मोटाररस्त्याचा आवाज. मॉरिशसमध्ये गुलामगिरी 1835 साली संपली. उसाच्या मळेवाल्यांना हात हवेच होते, म्हणून त्याच्या आधीच, 2 नोव्हेंबर 1834ला, कलकत्त्याहून 'अ‍ॅटलस' जहाज छत्तीस मजूर घेऊन आलं. पुढे कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून साडेचार लाखांहून जास्त माणसं आली. हा डेपो 1849चा. उतरल्यावर याच पायऱ्या चढायच्या, तपासणी, नोंद, मग मळ्यावर. लोक याला कुली घाट म्हणत. नाव नंतर बदललं.

आतल्या केंद्रात नोंदींचे आणि मजुरांचे फोटो आहेत. 1860च्या दशकापासून प्रत्येकाचा फोटो काढायचे. नाव, बापाचं नाव, वय, उंची, जात, जिल्हा, गाव, अंगावरची खूण, आणि एक नंबर. करार बहुधा पाच वर्षांचा. तो कागद जवळ नसला तर भटक्या म्हणून धरून तुरुंगात टाकत. त्या कागदाला म्हणत तिकीट.

अण्णांनी तो शब्द माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

मी त्या फोटोंपुढे जरा जास्तच वेळ उभी राहिले. सरळ कॅमेऱ्यात बघणारी माणसं, न हसता. आपण सगळेच असे बसलो आहोत, नाही का? पांढऱ्या भिंतीपुढे, "चष्मा काढा" म्हणतात तेव्हा चष्मा काढून. रक्त द्यायचं, छातीचा एक्सरे काढायचा, मग 784ने सुरू होणारा आकडा आणि नोकरी देणाऱ्याचं नाव. नोकरी आहे तोवर कागद, कागद आहे तोवर आपण. सतरा वर्षं झाली मला. अर्थात तुलना पुरती नेऊ नये, मी बिझनेस बेच्या वातानुकूलित ऑफिसात बसते. तुलना करायचीच तर ती पहाटे चार वाजता पांढऱ्या बसमध्ये खिडकीला डोकं टेकून झोपलेल्या माणसांशी करायला हवी, ज्यांच्या बसशेजारी सिग्नलला आपली गाडी उभी असते आणि आपण रेडिओ बदलत असतो. हे तिथे उभं राहून सुचलं. इतकी वर्षं रोज दिसूनही दुबईत सुचलं नव्हतं.

तेवढ्यात अण्णांनी तिथल्या मार्गदर्शक मुलीला हिंदीत विचारलं, "इनमें से वापस कितने गये?"

तिने सांगितलं की बरेच परत गेले, पण जास्त लोक इथेच राहिले. सुरुवातीला परतीचं भाडं करारात होतं. मग ते देणं बंद झालं.

"म्हणजे परतीचं तिकीट होतं, ते काढून घेतलं," अण्णा मराठीत म्हणाले. त्या मुलीला कळलं नाही. मला कळलं.

पुढचा दीड तास मूळ बेतात नव्हता. ड्रायव्हरने विचारलं, घरी चहा घ्याल का, वाटेतच आहे. पश्चिमेकडच्या एका लहान गावात त्याचं घर. अंगणात लाल झेंडे, जास्वंद, आणि दाराशी त्याची आई, साडी नेसलेली, आपल्याकडच्या कुठल्याही आजीसारखी, फक्त बोलली की क्रिओल. तिला मराठी वाक्य जुळवता येत नव्हतं, शब्द मात्र येत होते. चूल. भाकर. माय. देव्हाऱ्याकडे बोट दाखवून "देव". प्रत्येक शब्द ती अण्णांपुढे ठेवायची आणि बरोबर आहे का ते बघायची. लग्नात गोंधळ घालतात, गणपतीत झाकरी नाचतात, असं तिच्या सुनेने सांगितलं. गणेश चतुर्थीला तिथे सबंध देशाला सुट्टी असते. झाकरी म्हटल्यावर अण्णा ताठ बसले. "जाखडी!" पोरं गोलात घुंगरू बांधून नाचतात, मध्ये ढोलकी, तीच ना? सुनेने मोबाइलवर दाखवली. तीच. आजीने एक गाणंही म्हटलं, अर्थ तिला माहीत नव्हता, चाल पक्की होती. इरा रेकॉर्ड करत होती. मला तिच्याकडे बघायचं नव्हतं, तरी बघितलं.

मग ड्रायव्हरने कपाटातून एक प्लॅस्टिकचं फोल्डर आणलं. सात पिढ्यांपर्यंतच्या वंशजांना ओसीआय कार्ड देण्याचं भारताने 2024मध्ये जाहीर केलं, तेव्हा मुलासाठी म्हणून त्याने मोका इथल्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधून खापरपणजोबांच्या नोंदीचा उतारा काढून आणला होता. नाव भिकाजी, वय बावीस, उजव्या भुवईवर वण. जिल्हा रत्नागिरी, हे स्पष्ट होतं. गाव मात्र कुणालाच लागत नव्हतं. त्याने नकाशावर शोधलं होतं, भारतातून आलेल्या दोन-तीन प्रवाशांना विचारलं होतं. इंग्रजी स्पेलिंग वाचलं तर 'कुड्डोवी' असं काहीतरी होत होतं.

अण्णांनी चष्मा पुसला. कागद उजेडाकडे धरला. ओठ हलवून दोन-तीनदा म्हणून पाहिलं. मला एकदम आमच्या लहानपणचं पोस्ट आठवलं. मुंबईच्या चाकरमान्यांची पत्रं, पत्ता धड नाही, तालुका चुकलेला, शाई पसरलेली, आणि अण्णा असेच ओठ हलवत बसलेले. न पोचलेलं पत्र परत पाठवायचं त्यांच्या जिवावर यायचं.

"खाली तालुका काय लिहिलाय? संगमेश्वर ना?" ते म्हणाले. "अहो, मग हे कडवई. तुरळ-कडवई! मी आठ महिने होतो तिथे बदलीवर."

ड्रायव्हरला पहिल्यांदा समजलंच नाही. मी इंग्रजीत सांगितलं. त्याने आईला क्रिओलमध्ये सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त "कडवई" असं म्हणाली, मघाशी बाकीचे शब्द म्हणत होती तसं, बरोबर आहे का ते बघत.

मग अण्णा बोलत राहिले. माझं काम भाषांतराचं. गाव कसं आहे, जांभ्या दगडाच्या भिंती, भाताची खाचरं, आता तिथे कोकण रेल्वेचं स्टेशनसुद्धा झालंय. हा भिकाजी तेव्हा शास्त्री नदीने होडीतून जयगडला गेला असेल, तिथून गलबताने मुंबई, असा त्यांनी अंदाज बांधला. पावसात गाव कसं दिसतं ते सांगताना ते मध्येच थांबले, आणि मी "मग?" म्हटलं तरी काही क्षण बोलले नाहीत.

"देऊळ आहे?" ड्रायव्हरने मराठीत विचारलं.

"आहे तर. मी फोटो काढून पाठवतो," अण्णा म्हणाले. "टपालाने पाठवतो. पत्ता लिहून द्या."

परत येताना अंधार पडला होता. इरा झोपली होती. अण्णा म्हणाले, "सुमे, ती सही मी करणार नाहीये."

मला राग आला. खोटं कशाला लिहू? भावाशी भांडून झालेलं, गिऱ्हाइकाचा निरोप आलेला, वकिलातीची वेळ ठरलेली. आणि गुडघा, ब्लडप्रेशर, एकटं घर, पावसाळ्यात चार-चार दिवस जाणारी वीज. मी सगळं सांगितलं. ते ऐकत होते.

"तुम्ही मला काही कमी केलं नाहीत," ते म्हणाले. "पण तिथे मी रोज इराच्या बसची वाट बघतो. ती मोठी झाली, तिला आता वाट बघितलेली आवडत नाही. दिवाळी तुमच्याबरोबर करतो. नंतर माझं तिकीट काढ."

"परतीचं कधीचं काढू?"

"परतीचंच काढ म्हणतोय ना."

पुढच्या सीटवरून ड्रायव्हरने आरशात पाहिलं. त्याला किती कळलं, कोण जाणे.

तिकीट काढलंय, नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याचं, मोप्याचं. तिथून पुढे शेजारचा बंडू गाडी घेऊन येणार आहे. त्याची बायको दोन वेळचा डबा देईल. भाऊ महिनाभर माझ्याशी बोलत नव्हता, परवा त्याने स्वतःहून इन्व्हर्टरचं बघतो म्हणून कळवलं. मी अजूनही रात्री उठून अण्णांच्या खोलीत डोकावते आणि हे बरोबर केलं का असं स्वतःला विचारते.

आल्बम ते इराजवळ ठेवून जाणार आहेत. मॉरिशसच्या पत्त्याचं एक पाकीट त्यांनी आत्ताच लिहून ठेवलंय, ठळक, सुटं अक्षर, खाली देशाचं नाव अधोरेखित. तिकीट लावायची जागा कोपऱ्यात मोकळी आहे. ते तिथूनच लावायचं म्हणतात, देवरुखच्या पोस्टातून, आणि शिक्का नीट मारून घेणार आहेत.